डॅनियल टायगर्स नेबरहुड: सव्वा वर्ष रोज बघितल्यानंतरचा रिव्ह्यू

लेकाला डेकेअरला सोडायला सुरुवात केली तो आठवडा आठवला की अजून पोटात गोळा येतो. न्यू जर्सीतला जानेवारी, त्याला जॅकेट टोपी हातमोजे सगळं चढवायचं, कारसीटमध्ये बांधायचं, आणि तिथे पोचलं की दारातच भोकाड. माझा पाय घट्ट धरून बसायचा, टीचर त्याला उचलून आत न्यायची आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडून घ्यायचे, मग तोंड पुसून ऑफिस. अडीच वर्षांचा होता तेव्हा. चौथ्या का पाचव्या दिवशी तिथल्याच एका मुलीच्या आईने मला दारात थांबवलं आणि म्हणाली, डॅनियल टायगरचा तो एपिसोड दाखव, मोठी माणसं परत येतात असं गाणं आहे त्यात. मी हो हो म्हणलं आणि सोडून दिलं. एकतर तीन वर्षांपर्यंत टीव्ही दाखवायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि कार्टून बघून कुठे मुलाचं रडणं थांबतं, असंही वाटलं.

शनिवारी शेवटी लावला. रविवारी परत लावला. सोमवारी दारात तो रडलाच, पण रडता रडता ते गाणं म्हणत होता, मधेच हुंदका, मधेच गाण्याची ओळ. टीचरने उचललं तर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून तीच ओळ परत. म्हणजे रडणं तेवढंच होतं पण आता त्याच्या हातात धरायला काहीतरी होतं. साधारण दहा-बारा दिवसांनी रडणं थांबलं. तसंही थांबलं असतं का, असेलही, सगळी मुलं रुळतातच, पण ते दहा दिवस त्याने त्या गाण्याच्या जोरावर काढले हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॅनियल टायगर्स नेबरहुड हा अमेरिकेतल्या पीबीएस किड्सवरचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक टीव्हीच्या मुलांच्या वाहिनीवरचा कार्टून कार्यक्रम, सप्टेंबर 2012 मध्ये सुरू झाला. डॅनियल म्हणजे चार वर्षांचा वाघाचा बछडा, लाल स्वेटर घालतो, घरी आईबाबा, आणि 2014 पासून धाकटी बहीण मार्गारेट. मित्रमंडळीत राजाचा मुलगा प्रिन्स वेन्सडे, मांजरीची कॅटरिना, ओ नावाचं घुबड, आणि मिस इलेना. सगळे लाल ट्रॉलीत बसून फिरतात. व्हिलन कुणी नाही, मारामारी नाही, कुणाला वाचवायला जायचं नाही. गोष्टी कसल्या, तर वाढदिवसाचा केक घरी नेताना दबला (हा अगदी पहिला एपिसोड), मित्राला खेळणं देववत नाही, डॉक्टरकडे इंजेक्शन घ्यायचंय. मोठ्यांना वाटेल यात काय गोष्ट आहे. तीन वर्षांच्या पोराच्या दिवसात याच्यापेक्षा मोठं काही घडतच नाही हो. आपल्यासाठी तो दबलेला केक असतो, त्याच्यासाठी तो अख्खा वाढदिवस असतो.

अर्ध्या तासात दोन गोष्टी असतात, साधारण 11 मिनिटांची एकेक, आणि दोन्ही गोष्टींमध्ये भावना तीच आणि गाणंही तेच. खरी करामत इथे आहे. गाणं म्हणजे काय, दोन ओळी, म्हणायला पाच-सात सेकंद. पहिल्यांदा मोठं कुणीतरी म्हणतं, मग डॅनियल म्हणून बघतो, नीट जमत नाही, परत म्हणतो, मग दुसऱ्या गोष्टीत वेगळ्याच प्रसंगात तेच गाणं कामाला येतं. म्हणजे राग आला की खोल श्वास घ्यायचा आणि चारपर्यंत मोजायचं हे गाणं एकाच प्रसंगाला चिकटून राहत नाही, मुलाला कळतं की हे इथेही चालतं आणि तिथेही. मधे मधे डॅनियल सरळ आपल्याकडे बघून प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो, उत्तराची वाट बघत. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं, आमच्या लेकाला अजिबात नाही, तो उठून उत्तर द्यायचा. नंतर वाचलं की कार्यक्रमाची निर्माती अँजेला सँटोमेरो ही 1996 मध्ये आलेल्या ब्लूज क्लूज या मुलांच्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांपैकी, आणि प्रश्न विचारून थांबायची ही पद्धत तिथेही होती.

पण याचं मूळ अजून मागे आहे आणि ते मला फार आवडलं म्हणून थोडं लिहितेच. पिट्सबर्गचे फ्रेड रॉजर्स, अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्या ज्यांना बघत मोठ्या झाल्या. त्यांचा मुलांचा कार्यक्रम 1968 पासून देशभर दिसायला लागला आणि नवे भाग 2001 पर्यंत येत राहिले. घरात आल्यावर कोट काढून स्वेटर घालायचा, बूट बदलायचे, मग मुलांशी शांतपणे बोलायचं. डॅनियलचा लाल स्वेटर तिथला. आणि डॅनियल हे नावसुद्धा. रॉजर्स यांचा पहिला टीव्ही कार्यक्रम 1954 मध्ये पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी स्टेशनवर सुरू होणार होता, त्याच्या आदल्या रात्री स्टेशनच्या प्रमुख डोरोथी डॅनियल यांनी त्यांना वाघाचं हातमोज्यासारखं बाहुलं भेट दिलं, त्यांच्याच आडनावावरून बाहुल्याचं नाव डॅनियल पडलं. ते बाहुलं म्हणजे लाजाळू, घाबरट वाघ, काटे नसलेल्या घड्याळात राहायचा. आताच्या कार्टूनमध्ये तो मोठा होऊन बाबा झालाय आणि घड्याळाच्या कारखान्यात काम करतो, आणि हा लाल स्वेटरवाला त्याचा मुलगा. धाकट्या मार्गारेटचं नाव मार्गारेट मॅकफारलंड यांच्यावरून, त्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बालमानसशास्त्राच्या तज्ज्ञ, रॉजर्स वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलून स्क्रिप्ट लिहायचे. मुलाला कुठला शब्द घाबरवेल, कुठला धीर देईल, यावर एवढा विचार. 1 मे 1969 ला रॉजर्स अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीसमोर सार्वजनिक टीव्हीचे 2 कोटी डॉलर वाचवायला गेले, तेव्हा साताठ मिनिटंसुद्धा बोलले नाहीत, आणि त्यातही राग आल्यावर काय करायचं या आपल्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. कडक म्हणून प्रसिद्ध असलेले उपसमितीचे अध्यक्ष, सिनेटर पास्तोर विरघळले आणि पैसे दिले. रागाचं तेच सूत्र आमच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी वाजतंय याची मला गंमत नाही, अप्रूप वाटतं.

आता आमच्या घरातलं. ऑक्टोबरमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या, माझी दुसरी डिलिव्हरी होती म्हणून. त्यांना टीव्ही मुलांना दाखवणं पसंत नाही, आणि इंग्रजी कार्टून तर नाहीच. पण मी आडवी पडलेली, नवरा ऑफिसात, आणि हा तीन वर्षांचा पोरगा घरभर, मग संध्याकाळी एक एपिसोड त्या त्याच्याशेजारी बसून बघायला लागल्या. इंग्रजी त्यांना थोडंथोडं कळतं. प्रत्येक वाक्याला विचारायच्या, "काय म्हणाला रे तो?" आणि हा समजावून सांगायचा. मला पलंगावरून ऐकू यायचं. "आजी, त्याला राग आला. त्याला वाटलं टॉवर त्याचा आहे, पण ओने पाडला." "मुद्दाम पाडला का?" "नाही, चुकून." "मग राग कशाला?" "अगं आजी, चुकून पाडला तरी राग येतो!" हे वाक्य ऐकून मी उठून बसले. तीन वर्षांचं पोर सांगतंय की चूक दुसऱ्याची नसली तरी राग येऊ शकतो. मला हे तिशीत कळलं.

त्या वेळी मला माहीत नव्हतं, पण सासूबाई जे करत होत्या त्यावर अभ्यास झालेला आहे. टेक्सास टेक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2 ते 6 वयाची 127 मुलं घेऊन बघितलं, काहींना दोन आठवडे डॅनियल टायगर दाखवला, काहींना दुसराच कार्यक्रम, 2016 मध्ये ते छापून आलं. डॅनियल बघणाऱ्या मुलांमध्ये दुसऱ्याचं दुःख समजणं, चेहऱ्यावरून भावना ओळखणं, स्वतःवर भरवसा, हे वाढलेलं दिसलं. पण कुठल्या घरांत, तर जिथे आईबाबा मुलांशी टीव्हीत बघितलेल्या गोष्टींबद्दल एरवीही बोलतात तिथेच. नुसता टीव्ही लावून स्वयंपाकघरात गेलं तर तो फायदा दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा पहिले सहा-सात महिने मी काय केलं ते आठवलं. डेकेअरच्या गाण्याचा एपिसोड सोडला तर मी बहुतेक वेळा टीव्ही लावून भाजी चिरत होते. त्या काळात त्याला गाणी पाठ झाली, पण राग आला की आपटणं तेवढंच होतं. ऑक्टोबरनंतर जो फरक पडला तो आजी शेजारी बसल्यामुळे पडला, असं माझं ठाम मत आहे. म्हणून कुणी मला विचारलं की हा शो चांगला आहे का, तर मी आधी विचारते की शेजारी कोण बसणार.

सासूबाईंनी अजून एक केलं. गाणी मराठीत केली. त्यांचं म्हणणं, ते मोज मोज करतोय ते ठीक, पण इंग्रजीत कसला राग शांत होतो. त्यांचं रागाचं गाणं असं:

राग आला, राग आला, डरकाळी फोडू?
श्वास घेऊ, चार मोजू, मग राग सोडू.
एक... दोन... तीन... चार.

आणि माझी सुट्टी संपत आली तेव्हा डेकेअरचं:

आई जाते ऑफिसात,
परत येते दिवेलागणीच्या आत.

दिवेलागण म्हणजे काय हे त्याला शिकवायला त्या रोज संध्याकाळी देवापाशी निरांजन लावताना त्याला हाताशी घेऊन बसायच्या. आता तो डेकेअरमधल्या टीचरला विचारतो म्हणे, इथे दिवे कधी लावतात.

भाषेचं अजून एक. डॅनियलमध्ये मॅड, सॅड, फ्रस्ट्रेटेड, डिसअपॉइंटेड, जेलस हे शब्द वारंवार येतात, आणि ते चांगलंच आहे, मुलाला आत काय होतंय त्याला नाव मिळतं. आमचा लेक सव्वातीन वर्षांचा असताना बुटाची वेलक्रो लागेना तेव्हा म्हणाला, "आय ॲम फ्रस्ट्रेटेड." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वैतागलाय." मग वैतागला हा शब्द आला. मग एकेक करत खट्टू झाला, हिरमुसला, फुगला, कासावीस झाला, किरकिर करतोय. आणि रुसला. हे महत्त्वाचं आहे, कारण रुसव्याचं डॅनियलकडे काही नाही, किंवा आम्हाला तरी अजून दिसलं नाही. राग आलेल्या मुलाला श्वास घ्यायला लावून, चार मोजायला लावून, थोडा वेळ एकटं सोडून चालतं. रुसलेल्या मुलाला एकटं सोडलं तर तो जास्त रुसतो. तो कोपऱ्यात पाठ करून बसलाय तो कुणी येऊन समजूत काढावी म्हणूनच बसलाय. मी सुरुवातीला दोन्ही एकच समजून त्याला "चार मोज" म्हणायचे आणि तो अजूनच ओरडायचा, मला वाटायचं शो फेल गेला. सासूबाईंनी दाखवलं की अगं हा राग नाही, रुसलाय तो, जवळ घे. आता आधी बघते काय आहे ते आणि मग ठरवते.

धाकटी झाली तेव्हाचे एपिसोड फार कामाला आले. बाळ येतं तेव्हा मोठ्याला मदतीचं काहीतरी काम देतात, प्रत्येक जण मोठा आहे म्हणजे काहीतरी करण्याइतका मोठा आहे असा त्याचा सूर. आमच्याकडे डायपर आणून देणं हे त्याचं खातं झालं. शी-शूचं गाणं आहे तेही चालतं, त्याच्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असेल, एवढंच की फ्लश करून हात धुवायची आठवण आम्हाला तो करून देतो. नवीन पदार्थ खाऊन बघायच्या गाण्याने आम्ही मेथीच्या भाजीपर्यंत पोचलो, कारल्यापर्यंत नाही.

आता जे मला सगळ्यात अवघड गेलं ते.

ऑगस्टमध्ये, म्हणजे सासूबाई यायच्या दोन महिने आधी, लेकाचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्यात वारले. अचानक. नवरा रात्रीच्या फ्लाइटने तिकडे गेला, मी सातव्या महिन्यात, मी आणि लेक इथेच. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आजोबा त्याला चिऊकाऊची गोष्ट सांगायचे, ती बंद झाली. तो विचारायचा आणि मी म्हणायचे आजोबा देवाघरी गेले. मग त्याने अगदी सहज विचारलं, "पण परत येणार ना? मोठी माणसं परत येतात." आणि गाणं म्हणायला लागला.

मला तेव्हा त्या गाण्याचा राग आला, खरंच. डेकेअरच्या दारात ज्या ओळीने आम्हाला तारलं तीच ओळ आता पोर आजोबांसाठी म्हणतंय. गाणं शाळेसाठी लिहिलंय, मरणासाठी नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला हा फरक कोण सांगणार. माझ्या दृष्टीने या शोचा हा खरा दोष. गाणं इतकं पक्कं बसतं की मूल ते सगळीकडे लावतं, जिथे ते खरं नाही तिथेही, आणि ते सावरायला आपण तयार असावं लागतं. मी तयार नव्हते.

शोधताना त्याच कार्यक्रमाचा मासा मरतो तो एपिसोड सापडला. डॅनियलच्या घरचा मासा मरतो. डॅनियल विचारतो आणि मोठी माणसं सरळ सांगतात की तो आता हलणार नाही, खाणार नाही, परत उठणार नाही. तारा झाला, झोपलाय, लांब गावाला गेलाय, असलं काही नाही. प्रश्न पडले तर विचार, विचारल्याने बरं वाटतं, एवढंच त्याचं गाणं. इथेही मूळ फ्रेड रॉजर्सच आहेत, त्यांनी 1970 मध्येच कॅमेऱ्यासमोर मेलेला मासा टाकीतून काढून पुरला होता आणि लहानपणी आपला कुत्रा गेल्याचं मुलांना सांगितलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. आम्ही अजून देवाघरी म्हणून विषय बदलतो. देवाघरी म्हणू नये असं माझं म्हणणं नाही, आमची श्रद्धा आहे, पण मुलाला घर म्हटलं की तिथून माणूस परत येतं असंच वाटणार ना.

तो एपिसोड आम्ही दोघांनी मिळून बघितला, मी त्याला मांडीवर घेऊन. संपल्यावर त्याने विचारलं, "आजोबा हलत नाहीत आता?" मी म्हणलं नाही. "जेवत नाहीत?" नाही. "कुणालाच गोष्ट सांगत नाहीत?" नाही. मग बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाला मला गाडी दे. संपलं. मुलांचं दुःख असं डबक्यासारखं असतं, उडी मारतात, बाहेर येतात, परत थोड्या वेळाने उडी मारतात. त्याने नंतर आठवडाभर तेच तेच प्रश्न विचारले आणि मी तीच तीच उत्तरं दिली. पण परत येणार का हा प्रश्न थांबला.

ऑक्टोबरमध्ये सासूबाई आल्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे जेवत होतो आणि हा म्हणाला, "आजी, आजोबा हलत नाहीत आता. परत येणार नाहीत. तुला प्रश्न असेल तर विचार." नवऱ्याचा घास हातात राहिला. मला वाटलं जमीन दुभंगावी. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मला प्रश्न नाहीत रे, पण मला त्यांची गोष्ट सांगायचीय. ऐकशील?" आणि त्या रात्री त्या पहिल्यांदा बोलल्या, लग्नात आजोबांच्या चपला हरवलेल्या तिथपासून. नवरा म्हणाला साताऱ्यात तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं पण आई एक अक्षर बोलली नव्हती. कार्टूनने हे केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या पोराकडे ते वाक्य कुठून आलं ते मला माहीत आहे.

तक्रारी अजून आहेत त्या पटापट सांगते. डॅनियलचे आईबाबा कधीच थकत नाहीत, कधीच आवाज चढवत नाहीत, रात्री तीनला उठून बाळाला पाजणाऱ्या बाईला ते बघून आपण कमी पडतोय असं वाटू शकतं, मला वाटलं. कधीतरी त्यांनी चिडून नंतर मुलाची माफी मागितलेली दाखवली तर बरं होईल, कारण आमच्याकडे तेही होतं आणि त्याचंही गाणं लागतं. (ब्लुई या ऑस्ट्रेलियाच्या कार्टूनमध्ये आईबाबा दमलेले, चुकणारे दिसतात, ती आम्हालाही आवडते, पण त्यात गोष्टीतून आपण समजून घ्यायचं असतं, अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या हातात काही दिलं जात नाही. चार-पाचच्या पुढे ब्लुई, त्याआधी डॅनियल, असं माझं मत.) दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीत आधी भांडण, हिसकावणं दाखवावंच लागतं आणि लहान मूल कधी कधी फक्त तेवढंच उचलतं, आमच्याकडे जीभ काढून दाखवणं असंच आलं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दाखवूच नका, त्याला गोष्ट कळतच नाही. तिसरं, चार-साडेचारच्या पुढे मुलं कंटाळतात.

वेग मात्र एकदम हळू आहे आणि ही तक्रार नाही, कौतुक आहे. 2011 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात चार वर्षांच्या 60 मुलांचे गट केले होते, भन्नाट वेगाचं कार्टून फक्त 9 मिनिटं बघितलेली मुलं नंतर लक्ष देऊन करायच्या, थांबायच्या, वाट बघायच्या कामांत मागे पडली, चित्र काढत बसलेल्या आणि संथ कार्टून बघितलेल्या मुलांच्या तुलनेत. आमच्याकडे एका वाढदिवसाला असलं सुसाट काहीतरी तासभर बघून आलेला दिवस आणि डॅनियल बघितलेला दिवस यातला फरक झोपायच्या वेळी स्वच्छ दिसतो.

आम्ही रोज एकच, म्हणजे अर्धा तास, दाखवतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्सने 2016 मध्ये 2 ते 5 वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, चांगला कार्यक्रम, आणि मोठ्यांनी सोबत बसून, असं सांगितलं होतं, आम्ही त्याच्याही आत राहतो. ऑटोप्ले बंद ठेवा, हे आवर्जून, कारण या शोची मजा एपिसोड संपल्यावर बोलण्यात आहे आणि पुढचा आपोआप लागला की ते बोलणं गेलं. इथे पीबीएस किड्सच्या ॲपवर फुकट आहे, मधे जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. 2025 च्या जुलैमध्ये इथल्या काँग्रेसने सार्वजनिक टीव्ही-रेडिओचे दोन वर्षांचे 110 कोटी डॉलर काढून घेतले आणि ते पैसे वाटणाऱ्या महामंडळाने पुढच्याच महिन्यात गाशा गुंडाळायला घेतला. आम्ही तेव्हापासून आमच्या भागातल्या स्टेशनला महिन्याला थोडे पैसे देतो. ज्या घरात केबल नाही, ओटीटी नाही, तिथल्या पोरांनाही हे फुकट मिळत राहावं असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो आजोबांच्या गाण्यासाठी.

सासूबाईंचे सहा महिने एप्रिलमध्ये संपले. नेवार्कला सोडायला निघालो तर गाडीत मागून प्रश्न आला, "आजी, तू परत येणार का?" मी पटकन हो हो येणार म्हणणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "यायचं तर मनात आहे रे सोन्या. गुडघ्यांनी साथ दिली तर येईन. नाहीतर तू साताऱ्याला ये." तो खिडकीबाहेर बघत विचार करत बसला. मग म्हणाला, "चालेल. छोटी माणसं पण येतात."

आता शनिवारी-रविवारी आमच्या सकाळी साडेआठला, तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि टीव्हीवर डॅनियल लावतो. तिकडून अर्ध्या मिनिटाला आवाज येतो, "काय म्हणाला रे तो?"